मंगळवारी न पेटलेला विस्तव

१

वेक्सकमचे अर्ल वारले याचा कुणाला धक्का बसला नव्हता. चौऱ्याहत्तर वर्षांचे वय, दोन महिन्यांचे अंथरूण. गावाने शोकाचे काळे कपडे केव्हाच पेटीतून काढून वाऱ्यावर टाकले होते. धक्का बसला तो बुधवारी दुपारी. त्यांच्या लेकीने, लेडी सिबिलाने, उशाजवळची औषधाची बाटली खिडकीच्या उजेडात धरली आणि ती रिकामी असल्याचे साऱ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले.

बाटलीत अफूचा अर्क होता. डॉक्टर मेरो यांनी सोमवारी दुपारी ती स्वतः आणून दिली होती. सहा मात्रा, रात्री एक, सकाळी एक. बुधवारी पहाटेपर्यंत तीन संपायला हव्या होत्या. संपल्या होत्या सहाही, आणि सहा मात्रा एका रात्रीत पोटात गेल्या तर धडधाकट माणूसही पुन्हा उठत नाही.

त्या खोलीत शेवटपर्यंत एकच माणूस होता. अमोस पेल. अर्लचे कपडे, दाढी, पत्रे आणि मौन चाळीस वर्षे सांभाळणारा त्यांचा खासगी नोकर. बुधवारी संध्याकाळी त्याला तबेल्यावरच्या खोलीत कोंडले गेले. शुक्रवारी गावच्या खाणावळीत कॉरोनरची, म्हणजे संशयास्पद मृत्यूंचा तपास करणाऱ्या अधिकाऱ्याची, चौकशी बसणार होती. पंचांनी 'खून' म्हटले की पुढे फाशीखेरीज काही उरत नव्हते.

कॉरोनरसाहेबांचा पाय संधिवाताने सुजला होता, म्हणून त्यांनी गुरुवारी आपला कारकून पुढे धाडला. ॲम्ब्रोज थ्रेल सत्तावीस वर्षांचा होता. अनोळखी माणसाशी बोलताना तो स्वतःच्या टोपीच्या कडेकडे पाहत असे. त्यामुळे माणसे त्याला बावळट समजत आणि नको तितके बोलून जात.

स्टेशनवरून आणणारा गाडीवान सारखा खोकत होता.

"ही धूळ बघा साहेब. मार्च महिना आणि धूळ! मंगळवारी दुपारी आभाळ फाटलं, दहा वाजेपर्यंत कोसळलं. त्यानंतर थेंब म्हणून नाही. ढगसुद्धा सरकारांच्या शोकात बसलेत."

फळबागेच्या भिंतीपाशी गाडी वळली. पांढऱ्या रंगाच्या लाकडी पोळ्यांची एक रांग तिथे उभी होती. घरधनी गेला की मधमाश्यांना जाऊन सांगायचे, ही त्या भागाची रीत होती. घराची किल्ली प्रत्येक पेटीवर तीनदा ठोकायची, बातमी सांगायची आणि शोकाच्या काळ्या क्रेप कापडाचे फडके बांधायचे. पुढचा सूर्य उगवायच्या आत सांगितले नाही, तर माश्या रुसून निघून जातात किंवा आतल्या आत मरतात. फडकी बांधलेली होती. त्यांच्याखाली पांढऱ्या फळ्यांवरून काळसर ओघळ उतरले होते, रडताना काजळ उतरावे तसे.

थ्रेलला ते दृश्य सुंदर वाटले. तेवढेच वाटले, याची त्याला पुढे लाज वाटणार होती.

२

"दार उघडलं नाही त्याने," लेडी सिबिला म्हणाल्या. चाळिशीच्या होत्या, रडून संपलेला, कोरडा चेहरा. "एडिंबरोहून दिवसभर गाडीत बसून आले मी. स्टेशनपासून घरापर्यंत पावसात चिंब भिजले. आठ वाजता दारावर थाप मारली. पेलने बोटभर फट ठेवली आणि म्हणाला, 'सरकारांनी आत्ताच औषध घेतलंय, डोळा लागलाय.' हातात रिकामा पेला. मला त्याचा वास आला. साडेनऊला पुन्हा गेले. तेच वाक्य, तसाच पेला."

"आणि... सकाळी?"

"सकाळी साडेआठला खाली येऊन सांगतो, सरकार काल रात्री अकराला गेले. साडेनऊ तास! मी दोन खोल्या सोडून झोपले होते, मिस्टर थ्रेल. मला हाक मारता येत नव्हती? वडिलांचं आणि माझं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. कशावरून, ते विचारू नका. आता मलाही ते क्षुल्लक वाटतं. त्यांना एक वाक्य सांगायचं होतं, त्यांचं एक ऐकायचं होतं. त्या माणसाने ते माझ्यापासून चोरलं. त्याला फासावर जाताना मी बघणार आहे."

थ्रेलने टोपीची कड एकदा फिरवली आणि तो तिथून निघाला.

नवे अर्ल, जर्वेस, ग्रंथालयात उभे होते. वडिलांच्या खुर्चीत बसायचे त्यांना अजून धाडस होत नसावे.

"पेल? त्याने विष घातलं असेल तर या घराचे खांबसुद्धा विषारी आहेत," ते म्हणाले. "संशयच घ्यायचा तर माझा घ्या. वडिलांशी भांडायचो मी, तो नव्हे."

"कशावरून, सरकार?"

"त्यांच्या विधेयकावरून. तुम्ही वाचलं असेल. आमच्या घराण्याचा पांढऱ्या शिशाचा कारखाना होता, उत्तरेत. बावीस वर्षांचे असताना वडील तो बघायला गेले. एक पोरगी डोक्यावर शिशाच्या थाळ्या वाहत होती. त्यांना बघून हसली. हिरड्यांवर शिशाच्या विषाची निळी रेघ. आठवड्यात झटके येऊन मेली. वडिलांनी कारखाना विकला आणि उरलेलं आयुष्य त्या एका हसण्यावर खर्च केलं. मुलींना शिशाच्या कारखान्यात घेऊ नये, एवढाच कायदा. अकरा वेळा मांडला, दहा वेळा पडला. त्यापायी मंत्रिपद सोडलं. आईच्या आजारपणात घरी नव्हते, माझ्या लग्नात अर्ध्यातून उठून गेले. जगाच्या पोरींसाठी रडणारा बाप, मिस्टर थ्रेल. घरच्या पोरांना त्यातलं थेंबभर मिळायचं."

"आणि आपण विरोधात होतात?"

"कनिष्ठ सभागृहात गेली नऊ वर्षं. पण यंदा ते अंथरुणावर होते, म्हणून..." त्यांनी खिशातून चुरगळलेली तारेची प्रत काढली. "मंगळवारी रात्री नऊला मतदान झालं. मी त्यांच्या बाजूने दिलं. एका मताने पास! माझ्या! बरोबरी झाली असती तर सभापतींनी प्रथेप्रमाणे ते पाडलंच असतं. लगेच तार केली, पण इथलं तारघर आठला बंद होतं. बुधवारी सकाळी आठला पोचली. ते अकराला गेले होते." त्यांनी तार घडी घालून परत खिशात ठेवली. "माझं त्या सभागृहातलं शेवटचं मत. बाप गेला की त्या क्षणी मुलगा अर्ल होतो, आणि अर्लला खालच्या सभागृहात मत नसतं. दोनच तास, मिस्टर थ्रेल. दोन तास आधी गेले असते तर माझं मत मतच ठरलं नसतं. आयुष्यात पहिल्यांदा आम्हा दोघांची वेळ जुळली."

थ्रेलच्या मनात काहीतरी खुटकन वाजले, पण काय ते त्याला उमगले नाही.

३

मोलकरीण हेटी भांडी घासता घासता बोलत होती. तिचे बोलणे थांबवायला प्रयत्न करावे लागत.

"पेलसाहेबांनी? अहो, मेलेली माशीसुद्धा ते रुमालात धरून बाहेर टाकतात! पण मंगळवारी पेले फार झाले हो. सकाळी चहा घेऊन गेले, तर दारातून एक पेला. वर्तमानपत्र इस्त्री करून नेलं, दुसरा. पाद्रीसाहेब आले, तिसरा. दुपारचं सूप नेलं, चौथा. मग लेडीसाहेबांच्या वेळचे दोन. सहा पेले विसळले मी एका दिवसात. म्हटलं, म्हाताऱ्याला औषधावरच जगवतायत की काय."

"सूप त्यांनी घेतलं?"

"अर्धं. बरं वाटलं मला. सोमवारी तर शिवलेसुद्धा नव्हते."

"आणि विस्तव? त्यांना थंडी सोसत नसे म्हणतात."

"जून महिन्यात शेकोटी लागायची त्यांना! मंगळवारी सकाळी कोळशाची बादली गच्च भरून दारात ठेवली." तिचा हात थांबला. "बुधवारी उचलायला गेले तर तश्शीच होती. मी म्हटलं, पेलसाहेब, हे काय? तर म्हणाले, धुराने सरकारांना ठसका लागतो."

फळबागेत पोळ्यांजवळ टॅबिथा क्रूक एका पालथ्या टोपलीवर बसली होती. पन्नास वर्षे त्या मधमाश्यांची राखण तीच करत होती. आता तिच्या डोळ्यांत मोतीबिंदूचे दूध उतरले होते.

"कोण? कॉरोनरचा पोरगा का? हळू ये बाबा, अंगावर येतील."

"माश्यांना तुम्ही सांगितलंत का, आजी?"

"सांगायला निघाले होते. बुधवारी सकाळी घरातून रडारड ऐकू आली तशी फडकी घेऊन आले. चाचपून बघते तर आधीच बांधलेली! पेल माझ्या आधी पोचला. माझा हक्क होता तो, पण म्हटलं जाऊ दे. त्याचा बाप मधमाश्याच पाळायचा, त्याला रीत ठाऊक. गाठ पण त्याचीच, डावऱ्या हाताची."

"बुधवारी सकाळी किती वाजता आलात?"

"रडारड झाली आणि लगेच. नऊ वाजले नसतील. फडकी ओलीगच्च होती, हाताला काळं लागलं. ही बघ, नखं अजून काळी आहेत."

थ्रेल त्या काळ्या नखांकडे पाहत राहिला. मग मान वळवून पांढऱ्या फळ्यांवरचे ओघळ त्याने पाहिले. क्रेपचा काळा रंग पाण्याने उतरतो. पाणी फक्त मंगळवारी पडले होते, दुपारपासून रात्री दहापर्यंत.

आणि अर्ल, साऱ्या जगाच्या समजुतीने, अकराला वारले होते.

४

लेडी सिबिलांच्या हुकमाने खोली बुधवारपासून बंद होती. थ्रेलने किल्ली मागून घेतली आणि आत एकटाच गेला.

एका मोठ्या माणसाची खोली इतकी लहान असेल असे त्याला वाटले नव्हते. लोखंडी पलंग, उंच मेज, भिंतीवर तसबीर एकच, तीही कारखान्याच्या फाटकाची. मेजावर रोजची वर्तमानपत्रे रचलेली होती. संसदेच्या कामकाजाच्या पानावर निळ्या पेन्सिलीच्या खुणा करायची अर्लची सवय. शनिवारच्या अंकावर खुणा होत्या. सोमवारच्या अंकावरही, थरथरत्या का होईना, होत्या. मंगळवारचा अंक इस्त्रीच्या घडीतच होता. आपल्या आयुष्याचा निकाल ज्या दिवशी लागणार, त्या दिवशीचे पान म्हातारा उलगडत नाही?

तो शेगडीपुढे गुडघे टेकून बसला. कोळसे नीट रचलेले, काळेभोर. एकाही कोळशाला आच लागलेली नव्हती. वरच्या कोळशांवर मात्र तपकिरी, चकाकता थर सुकला होता, कुणी काकवी सांडल्यासारखा. त्याने एक कोळसा नाकाशी धरला. गोडसर, कडवट, सुस्त वास आला.

सहा मात्रा माणसाच्या पोटात गेल्याच नव्हत्या. त्या इथे, थंड कोळशांवर ओतल्या गेल्या होत्या.

हातात धरलेल्या त्या कोळशाने एका माणसाचा जीव वाचणार होता. पण पंच विचारतील, औषध का ओतले? मार्चच्या गारठ्यात विस्तव का नाही? आणि त्या दोन प्रश्नांना उत्तर एकच होते. ते खाणावळीत उच्चारले, की एका मताने उभा राहिलेला कायदा त्याच क्षणी कोसळणार होता.

५

तबेल्यावरच्या खोलीत अमोस पेल स्वतःच्याच कोटाची बाही ब्रशने साफ करत होता. थ्रेल आत येताच तो उठून उभा राहिला. उभे राहायचे त्याच्या हाडांतच मुरले होते.

थ्रेलने कोळसा खिडकीच्या कठड्यावर ठेवला.

"सोमवारी किती वाजता गेले ते?" थ्रेलने विचारले.

पेलने ब्रश खाली ठेवला. "मंगळवारी अकराला गेले, साहेब."

"फडकी पावसात भिजली, पेल. तुम्ही ती मंगळवारी पहाटे बांधलीत, पाऊस यायच्या आधी. सगळ्या घराशी खोटं बोललात, सरकारांच्या लेकीशी बोललात. मधमाश्यांशी तेवढं नाही जमलं."

म्हातारा हळूच खाली बसला. चाळीस वर्षांत परक्या माणसासमोर तो पहिल्यांदाच बसत असावा.

"माझ्या बापाची अठरा पोळी होती," तो म्हणाला. "आजोबा गेले तेव्हा तो दारू पिऊन पडला होता, सांगायचं राहिलं. आठवड्यात अठराही ओस पडली. तसलं काही सरकारांच्या माथी नको होतं. म्हटलं, अंधार आहे, कोण बघतंय; आणि दिवसा तिथे टॅबिथाखेरीज कुणी फिरकत नाही, तिला दिसत नाही."

"सोमवारी..."

"रात्री आठला. मी उशी सारखी करत होतो. झोपेतच गेले. एक शब्द बोलले नाहीत, साहेब. ज्यांच्या भाषणाला मंत्री उठून उभे राहायचे, ते एक शब्दही न बोलता गेले. मी तार लिहायला बसलो आणि हात थांबला. दुसऱ्या रात्री मतदान. यंदा जर्वेससाहेब बापाच्या बाजूने जाणार, हे मी ओळखलं होतं; त्यांचं मत मोजून आमच्याकडे एक जास्त होतं. चाळीस वर्षं मी जेवणाच्या टेबलामागे उभा राहिलोय, ही गणितं मला पाठ आहेत. देह टिकावा म्हणून विस्तव पेटवला नाही, खिडकी उघडी टाकली. डॉक्टर मेरोंना कमी दिसतं. बुधवारी त्यांनी मी सांगितली तीच वेळ लिहिली."

"आणि पेले?"

"कुणी आलं की दाखवायला काहीतरी हवं ना. नुसतं पाणी दिलं असतं तर हेटीच्या नाकाला कळलं असतं. खोटं बोलायचं तर नीट बोलावं. फक्त मोजायचं राहिलं." तो किंचित हसला. "सूपसुद्धा मीच खाल्लं. त्यांच्या चमच्याने. ते गिळताना जे झालं, ते फाशीच्या दोरानेही व्हायचं नाही. बुधवारी तार आली ती त्यांना वाचून दाखवली, आणि मगच खाली गेलो."

"त्यांना हे आवडलं असतं? सभागृहात ते कधी खोटं बोलले नाहीत म्हणतात."

"नसतं आवडलं. मला नोकरीवरून काढलं असतं." पेलने डोळे पुसले नाहीत; फक्त मिटले. "पण त्या पोरीचं नाव त्यांना कधी कळलं नाही, साहेब. पन्नास वर्षं शोधलं. झोपेत विचारायचे, 'तिचं नाव काय होतं, पेल?' मला वाटलं, नाव नाही तर नाही, कायदा तरी मिळू दे. तुम्ही उद्या तोंड उघडू नका. मला फासावर जाऊ दे. म्हातारा आहे, उंचीही फार नाही, लवकर आटपेल."

थ्रेलला हसू आले नाही. "राणीची सही कधी होणार?"

"आजपासून बाराव्या दिवशी. एकदा सही झाली की कुणाचं मत खोटं होतं, हे कुठलंही न्यायालय विचारत नाही."

खाली घोडे खूर आपटत होते. थ्रेलने कोळसा रुमालात गुंडाळला.

"मी खोटं बोलणार नाही," तो म्हणाला. "पण कॉरोनरसाहेबांना मी सांगणार आहे की सरकारांचं पोट आणि हा कोळसा, दोन्ही लंडनच्या रसायनतज्ज्ञाकडे पाठवल्याशिवाय चौकशी पुरी होत नाही. तिथल्या अहवालाला दोन आठवडे लागतात. तोवर तुम्हाला जिल्ह्याच्या तुरुंगात ठेवतील. ओलसर जागा आहे ती. आणि लेडीसाहेब तोवर तुम्हाला खुनीच म्हणतील."

"दोन आठवडे?" पेल पुन्हा उभा राहिला आणि त्याने ब्रश उचलला. "त्यांच्या एका भाषणाचा मसुदा उतरवायला मला त्याहून जास्त लागायचे."

६

दोन आठवडे थ्रेलला झोप लागली नाही. आपणही एका दारात बोटभर फट ठेवून उभे आहोत, हातात रिकामा पेला घेऊन, असे त्याला रोज वाटे. लेडी सिबिलांची तीन पत्रे आली. शेवटच्या पत्रात एकच ओळ होती: "त्याने तुम्हाला काय दिलं?"

बाराव्या दिवशी सही झाली. चौदाव्या दिवशी अहवाल आला. पोटात अफूचा अंशही नव्हता. कोळशावर सहाही मात्रा होत्या. खाणावळीत पंचांपुढे थ्रेल उभा राहिला आणि ओघळांपासून सूपापर्यंत सारे त्याने सांगितले, एकदाही टोपीकडे न पाहता. पंचांनी नैसर्गिक मृत्यू ठरवला. पेलने मृत्यू लपवला, त्याबद्दल कॉरोनरसाहेबांनी कडक शब्दांत कानउघाडणी केली आणि भोगलेली कोठडी पुरेशी मानली. त्यांनी थ्रेलकडेही एक लांब नजर टाकली. ती नजर आयुष्यभर आपल्या बढतीच्या आड येणार, हे थ्रेलला तिथेच समजले.

जर्वेस उठले. दारात पेलपाशी थांबले. "मी ते मत त्यांना दिलं होतं," ते म्हणाले. "आणि तिथे कुणी नव्हतं. तू मला रिकाम्या खुर्चीला नमस्कार करायला लावलास, पेल. यापुढे या घरात येऊ नकोस."

"होय, सरकार," पेल म्हणाला. जर्वेसना त्याने त्या संबोधनाने पहिल्यांदाच हाक मारली होती.

तुरुंगातून त्याने खोकला आणला होता. तो बरा होणारा नाही, हे गावच्या डॉक्टरला न विचारताही कळावे असा तो खोकला होता. निघण्याआधी त्याने एकच परवानगी मागितली, फडकी सोडण्याची. थ्रेल त्याच्यासोबत फळबागेत गेला. आता ऊन होते. माश्या बाहेर पडू लागल्या होत्या आणि क्रेप विटून राखाडी झाला होता. पेल डाव्या हाताने एकेक गाठ सोडवत होता.

मागे पावले वाजली. लेडी सिबिला होत्या. त्या दोन पोळ्यांइतक्या अंतरावर थांबल्या.

"म्हणजे मी गाडीत बसले तेव्हा ते..."

"गेले होते, बाईसाहेब. दाराआड तुमच्यापासून हिरावून घ्यावं असं काही उरलंच नव्हतं."

वारा त्यांच्या काळ्या शालीशी खेळत होता. मग एखाद्या लहान मुलीच्या आवाजात त्यांनी विचारले, "पेल, तू खोलीत होतास. शेवटी ते काही म्हणाले?"

पेलचा हात गाठीवर थबकला. त्याने थ्रेलकडे पाहिले नाही.

"म्हणाले ना," तो म्हणाला. "म्हणाले, 'पेल, खिडकीचा पडदा ओढू नकोस. सिबिलाला घरी येताना लांबूनच खिडकीतला उजेड दिसलेला आवडतो.'"

लेडी सिबिलांनी दोन्ही हातांनी तोंड झाकले आणि त्या रडू लागल्या. अकरा वर्षे साठलेले ते रडणे होते.

थ्रेल आपल्या टोपीच्या कडेकडे पाहू लागला. मधमाश्या पांढऱ्या फळ्यांवरच्या काळ्या ओघळांवरून आत-बाहेर करत होत्या. पेलने शेवटचे फडके सोडले, नीट घडी घातली आणि खिशात ठेवले. मग वाकून, पोळ्याच्या तोंडाशी ओठ नेऊन, तो फार हळू काहीतरी बोलला.

तो काय बोलला, हे थ्रेलने त्याला विचारले नाही.